आर्जव आणि अर्ज

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत इंग्रजीचा एक उतारा चालला असतां त्यांत ‘कॅजोल’ हें क्रियापद आलें. गोड बोलून, स्तुति करून, थोडेंसें लाडानें व थोडेंसें लबाडीनें दुसऱ्यास आपल्या मनाजोगें करावयास लावणें, असा त्याचा अर्थ मीं सांगितला, आणि त्यास मराठींत काय म्हणाल असें मुलांस विचारलें. एरव्हीं एका शब्दास एक प्रतिशब्द मिळतांना मारामार; पण त्या दिवशीं फळा अपुरा पडला. चुचकारणें, गोंजारणें, फुसलाविणें, मनधरणी करणें, आर्जव करणें, लाडीगोडी लावणें, खुशामत करणें, हांजी हांजी करणें, लोणी लावणें, हरभऱ्याच्या झाडावर चढविणें, असे दहा प्रयोग दहा मिनिटांत गोळा झाले; आणि मागील बांकावरून कोणी ‘मस्का लावणें’ हा अकरावाही पुरविला.

तास संपला तरी एक प्रश्न मजजवळ उरला. ज्या गोष्टीशीं आपला रोजचा व्यवहार असतो तिला आपण अनेक नांवें देतों. मातीसाठीं, पावसासाठीं व बैलाच्या रंगासाठीं शेतकऱ्याजवळ जितके शब्द असतात तितके शहरवासीयाजवळ नसतात. मग गोड बोलून काम साधण्यास आपल्या भाषेंत इतके शब्द कां असावे? आपण मराठी माणसें स्वतःस रोखठोक म्हणवितों. ‘एक घाव दोन तुकडे’ ही आपली आवडती म्हण. आणि भाषेचें भांडार मात्र मनधरणीच्या शब्दांनीं भरलेलें! या विरोधाचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम हे शब्द एकाच अर्थाचे नाहींत, हें ध्यानांत घ्यावें. ‘चुचकारणें’ हा शब्द ध्वनीवरून आला आहे. बिथरलेल्या बैलास धीर देण्यासाठीं शेतकरी जिभेनें जो चुच् चुच् असा आवाज करितो, तोच या शब्दांत उतरला आहे. आई रडत्या मुलास चुचकारते तेंही याच रीतीनें. येथें फसवणूक नाहीं. बैलास भाषण समजत नाहीं, तान्ह्या मुलास कारण समजत नाहीं. म्हणून स्वर मऊ करावयाचा, एवढेंच. ‘गोंजारणें’ हा त्याचाच हातानें केलेला प्रकार होय. परंतु ज्यास कारण समजतें अशा मनुष्यास आपण चुचकारूं लागलों, कीं त्यास आपण बैलाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या पंक्तीस बसविलें. ‘मतदारांना चुचकारण्याचा प्रयत्न’ असें वृत्तपत्रांत आपण वाचतों, तेव्हां त्या एका क्रियापदानें मतदारास कोठें नेऊन बसविलें आहे, हें कितीजणांच्या ध्यानांत येत असेल?

‘मनधरणी’ हा शब्द त्याहून सभ्य आहे. रुसलेल्याचें मन सांभाळावयाचें, त्यास दुरावूं द्यावयाचें नाहीं, असा त्याचा भाव. ज्याची मनधरणी करावयाची त्यास ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें; म्हणून लग्नांत रुसलेल्या व्याह्याची मनधरणी होते, दारच्या गड्याची सहसा कोणी करीत नाहीं. ‘लाडीगोडी’ ही बहुधा धाकट्यानें वडीलधाऱ्यांस लावावयाची. जत्रेच्या दिवशीं आजीच्या कमरेची पिशवी जिच्या योगानें उघडते ती ही. ‘खुशामत’ व ‘हांजी हांजी’ यांची वाट मात्र नेहमीं खालून वर जाते. ज्याच्या हातांत कांहीं देणें आहे त्याचीच खुशामत होते. गरिबाची खुशामत केली, असें वाक्य मराठींत शोधूनही क्वचितच सांपडेल. आणि ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणें’ हा प्रयोग तर आपल्या जिल्ह्यांतील मुलांस समजावून सांगावयास नको. रब्बीच्या दिवसांत घाटे खाण्यासाठीं ज्यांनीं हरभऱ्याचा डहाळा उपटला आहे त्यांस ठाऊक आहे, कीं तें झाड गुडघ्याच्या वर क्वचितच जातें व चिमणीचा भारही त्यास नीट सोसत नाहीं. अशा झाडावर चढून आपण उंच झालों असें ज्यास वाटतें, त्यास हंसावें कीं त्याची कींव करावी, हेंच कळत नाहीं.

आतां यांतील दोन शब्दांचा इतिहास पाहूं. ‘आर्जव’ हा संस्कृत शब्द ‘ऋजु’, म्हणजे सरळ, यापासून झाला आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीचे जे गुण सांगितले आहेत त्यांत आर्जव हा एक आहे. आणि तेथें त्याचा अर्थ सरळपणा, मनांत एक व जिभेवर दुसरें असें नसणें, हाच आहे. तोच शब्द मराठींत रूढ होतां होतां विनवणी, गयावया या अर्थास येऊन पोंचला. आज ‘त्यानें साहेबांचें फार आर्जव केलें’ असें म्हटलें, तर तो साहेबांशीं सरळपणानें वागला असा अर्थ कोणीही करणार नाहीं.

‘खुशामत’ या शब्दाचीही तीच कथा. हा मूळचा फारशी शब्द. ‘खुश’ म्हणजे चांगलें आणि ‘आमद’ म्हणजे येणें. आलेल्याचें येणें शुभ झालें, असें म्हणून त्याचें स्वागत करणें हा त्याचा मूळ भाव. हा शब्द सर्व महाराष्ट्रांत रुळला आहे. पण आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथील कचेरीची भाषा आधीं फारशी व पुढें उर्दू होती. त्यामुळें हुजूर, मेहेरबान, मर्जी, मिनतवारी या शब्दांची कचेरीच्या उंबरठ्यावर आपल्या वाडवडिलांशीं चांगलीच ओळख झाली. यांत दोष त्या भाषेचा मुळींच नव्हे. तिनें आपणांस स्वागताचा शब्द दिला होता, जसा संस्कृत भाषेनें सरळपणाचा दिला होता. दोन थोर भाषांनीं दोन स्वच्छ शब्द आपल्या हातीं दिले, आणि दोन्ही एकाच वाटेनें जाऊन मळले. ही वाट कोणती?

माझें मत असें आहे, कीं शब्द मळतो तो बोलणाऱ्याच्या तोंडांत नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या कानांत. सरळ बोलणाऱ्यावर जेथें डोळे वटारले जातात आणि वांकून बोलणाऱ्याचें काम होतें, तेथें सरळपणासही वांकावें लागतें. खुशामत कोणी उपजत शिकून येत नाहीं. ज्याची खुशामत होते तोच ती शिकवितो.

हें मला केवळ पुस्तकांवरून समजलें असें नाहीं. एके दिवशीं दोन विद्यार्थी गृहपाठ न करितां वर्गांत आले. पहिल्यानें सांगितलें, ‘सर, काल आपण कविता इतकी सुंदर शिकविलीत, कीं घरीं जाऊन मी तीच पुनःपुन्हा वाचीत बसलों, लिहावयाचें राहूनच गेलें.’ मला हंसूं आलें, आणि मीं त्यास दोन दिवसांची सवलत दिली. दुसऱ्यानें सांगितलें, ‘सर, मीं केला नाहीं. काल दिवसभर सोयाबीनची काढणी होती. रात्रीं वही उघडली आणि झोंप लागली.’ त्यास मीं चार कठोर शब्द ऐकविले व उभें केलें. संध्याकाळीं घरीं जातांना माझ्या ध्यानांत आलें, कीं त्या दिवशीं मीं साऱ्या वर्गास एक पाठ शिकविला होता, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हता. कवितेचा पाठ मुलें कदाचित् विसरतील; हा विसरणार नाहींत. दुसऱ्या दिवशीं मीं त्या दुसऱ्या मुलाची वर्गासमोर क्षमा मागितली. गृहपाठ त्यानें पुरा करावयाचाच होता, व त्यानें तो केलाही. परंतु खरें बोलण्याचा दंड त्यानें भरावयाचा नव्हता.

येथें आपल्याच जिल्ह्यांतील एका कथेची आठवण होते. तेरणा नदीच्या कांठचें तेर हें गांव प्राचीन काळीं ‘तगर’ या नांवानें दूरदेशींच्या व्यापाऱ्यांसही ठाऊक होतें; परंतु मराठी माणूस त्यास ओळखतो तो संत गोरा कुंभार यांचें गांव म्हणून. परंपरेनें चालत आलेली कथा अशी, कीं गोरोबाकाकांच्या घरीं संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंनीं तेथें पडलेलें थापटणें पाहिलें व हें कशासाठीं म्हणून विचारलें. थापटणें म्हणजे कुंभाराचें चपटें लांकडी हत्यार. त्यानें मडकें घडविण्याचें काम होतें, आणि त्याच्याच ठोक्यानें पक्कें कोणतें व कच्चें कोणतें हेंही कळतें. मग आमच्यापैकीं कच्चें कोण तें सांगा, असें म्हटल्यावर गोरोबांनीं थापटणें उचलून एकेका संताच्या डोक्यावर मारण्यास आरंभ केला. बाकीचे सर्व शांत बसून राहिले. नामदेवांस मात्र तो अपमान वाटला. तेव्हां, हें मडकें अजून कच्चें आहे, असा निवाडा गोरोबांनीं दिला.

या कथेंत नामदेव हे कोणी सामान्य गृहस्थ नव्हेत. साक्षात् विठ्ठल ज्यांच्याशीं बोलतो अशी त्यांची ख्याति. अशा पाहुण्याची चार शब्दांनीं स्तुति करून त्यास प्रसन्न करणें यजमानास किती सोपें होतें! गोरोबांनीं तें केलें नाहीं. आणि नामदेवांचें थोरपण यांत, कीं रागावलेले ते पुढें औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व त्यांस त्यांनीं गुरु केलें. गोरोबांजवळ सांगण्याचें धैर्य होतें, तर नामदेवांजवळ शेवटीं तें मानण्याचें. दोहोंपैकीं एकही नसतें, तर ही कथा झालीच नसती.

‘थापटणें’ आणि ‘थोपटणें’ हे दोन शब्द आपल्या भाषेंत किती जवळ आहेत पाहा. एका स्वराचा काय तो फरक. थोपटल्यानें मूल झोंपतें. थापटल्यानें मडक्याची परीक्षा होते. पक्कें असेल तर तें खणखणीत वाजतें, कच्चें असेल तर बद्द आवाज येतो. परंतु ज्यांस रोखठोकपणाचा फार अभिमान आहे त्यांनीं कुंभाराकडून आणखी एक गोष्ट शिकावी. ओलें मडकें घडवितांना तो बाहेरून ठोका देतो खरा, पण त्याच वेळीं त्याचा दुसरा हात आंतून मडक्यास आधार देत असतो. आंतला हात काढून घेऊन नुसते बाहेरून ठोके मारणें यास मडकें घडविणें म्हणत नाहींत, फोडणें म्हणतात. तोंडास येईल तें बोलून मग ‘मी स्पष्टवक्ता आहें’ असें म्हणणाऱ्या पुष्कळांचा एकच हात चालत असतो.

शास्त्रेंही हेंच सांगतात. रामायणांत मारीच रावणास बजावतो, कीं सदा गोड बोलणारे लोक हवे तितके मिळतात; न आवडणारें पण हिताचें सांगणारा दुर्मिळ, आणि तें ऐकणाराही दुर्मिळ. महाभारतांत विदुराच्या तोंडींही हाच विचार येतो. ऐकणारा दुर्मिळ, हा या विचाराचा उत्तरार्ध आपण बहुधा विसरतों. रावणानें तो ऐकला नाहीं. उलट, पवित्र शास्त्रांतील दावीद राजानें ऐकला. त्यानें उरीयाची बायको आपलीशी केली व उरीयास लढाईंत मारविलें, तेव्हां नाथान संदेष्टा त्याजकडे आला. त्यानें राजाची स्तुति केली नाहीं, व एकदम दोषही लाविला नाहीं. एका श्रीमंतानें स्वतःचीं पुष्कळ मेंढरें असतांना गरिबाची एकुलती एक मेंढी कशी घेतली, ती गोष्ट त्यानें सांगितली. राजा संतापला व त्या श्रीमंतास शिक्षा सांगूं लागला. तेव्हां तो मनुष्य आपणच, हें नाथानानें त्यास दाखविलें. दाविदानें आपलें पाप कबूल केलें.

नाथानाच्या या गोष्टींत आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें मला वाटतें. मग गोड बोलूंच नये काय, असें कोणी विचारील. असें मीं कोठें म्हटलें आहे? आजाऱ्यास औषध घ्यावयास लावणें, भ्यालेल्यास धीर देणें, भांडलेल्या दोघां भावांस एकत्र आणणें, या ठिकाणीं मऊ शब्दाशिवाय गति नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं शेतकरी बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळतो, यास कोणी ‘लोणी लावणें’ म्हणत नाहीं. कारण जेथें वर्षभर जूं बसलें तेथेंच तो हात फिरवीत असतो. खुशामत करणारा मात्र जेथें उद्यां जूं ठेवावयाचें तेथें आज लोणी लावितो. नाथानानेंही कौशल्य वापरलें. पण तें राजाची बुद्धि जागी करण्यासाठीं, निजविण्यासाठीं नव्हे. तेव्हां कसोटी ही, कीं माझ्या बोलण्यानें ऐकणाऱ्याची विचारशक्ति जागी होते कीं झोंपी जाते? आणि मी हें गोड कां बोललों तें त्यास पुढें कळलें, तर मला त्याच्याकडे पाहण्यास लाज वाटेल काय? या दोन प्रश्नांस ज्याचें उत्तर नीट येतें, त्यानें खुशाल साखरेसारखें बोलावें.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. फळ्यावरील दहा शब्दांत ‘फुसलाविणें’ हा होता. त्याचाच भाऊ ‘फूस लावणें’ हा वृत्तपत्रांत वारंवार भेटतो, आणि तो भेटतो तेव्हां बहुधा कोणाच्या तरी घरचें मूल नाहींसें झालेलें असतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत, १८ वर्षांखालील मुलास पालकांच्या ताब्यांतून नेणें आणि फूस लावून नेणें हीं दोन्ही अपहरण म्हणून एकत्रच सांगितलीं आहेत. १८६० च्या जुन्या दंड संहितेंतही ‘फूस’ होतीच. फूस लाविली असेल, तर मूल आपखुशीनें आलें ही सबब चालत नाहीं. कायद्यानें येथें मोठी खोल गोष्ट ओळखिली आहे. हात धरून ओढणें आणि गोड शब्दांनीं ओढणें यांत, ओढला जाणारा लहान असेल तर, भेद नाहीं. तुझ्यासारखें हुशार कोणी नाहीं, तुझ्या घरच्यांना तुझी किंमत नाहीं, ही गोष्ट कोणास सांगूं नकोस, अशीं वाक्यें एका ओळीनें कानीं आलीं, तर मुलांनो, तें थोपटणें आहे हें ओळखा. आई-बापांस सांगा, शिक्षकांस सांगा. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांकही आहे. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं ज्या मुलाचें सरळ बोलणें घरांत व शाळेंत शांतपणें ऐकून घेतलें जातें, तें मूल बाहेरच्या गोड शब्दास सहसा भुलत नाहीं. भुकेल्यासच कोणाच्याही हातचें गोड लागतें.

शेवटीं या लेखाच्या मथळ्याकडे येतों. ‘आर्जव’ व ‘अर्ज’ हे शब्द कानास सारखे वाटतात, म्हणून पुष्कळांस ते एकाच कुळांतील वाटतात. तसें नाहीं. ‘अर्ज’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ पुढें मांडणें, सादर करणें. त्यांत हात जोडणें नाहीं व पाय धरणेंही नाहीं. आपल्याकडे मात्र अर्जाचें आर्जव कधीं झालें, तें कळलेंच नाहीं. उत्पन्नाच्या किंवा रहिवासाच्या दाखल्यासाठीं आलेला वृद्ध शेतकरी खिडकीपुढें उभा राहून जें बोलतो तें ऐकावें. जें त्याच्या हक्काचें आहे तें तो दान म्हणून मागत असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम हा २०१५ सालचा कायदा सांगतो, कीं अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतींत मिळाली पाहिजे, अर्जाची पोच मिळाली पाहिजे, नाकारावयाचें तर कारण लेखी दिलें पाहिजे, आणि त्यावर अपील करितां आलें पाहिजे. हा कायदा माहीत असलेल्या एका मुलानें आपल्या आजोबांस खिडकीपर्यंत सोबत केली, तर त्या घरांतील खुशामतीचा एक शब्द कमी होईल.

ज्या निजामाचें नांव आपल्या जिल्ह्यानें दीर्घ काळ वागविलें, त्याचें राज्य जाऊन पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें नांवही परत मिळालें. हुजूर गेले, पण हुजुरापुढें वांकण्याची संवय मागें राहिली असेल, तर ती घालविण्याचें काम आपलें आहे, आणि त्याचा आरंभ वर्गांतूनच झाला पाहिजे. माझ्या विद्यार्थिमित्रांनो, शिक्षकाजवळ, वडिलांजवळ, अधिकाऱ्याजवळ जें मागावयाचें तें नम्रपणें पण सरळ मागा. आणि आम्ही शिक्षकांनीं व पालकांनीं, सरळ बोललेलें कडू लागलें तरी तें आधीं पुरतें ऐकून घेण्याची शपथ वाहावी. कारण आपण जें ऐकूं, तेंच मुलें बोलावयास शिकतील.

अर्ज जरूर करावा. आणि तो आर्जवानेंच करावा. मात्र तें आर्जव गीतेंतील असावें.